नदी-अंधत्व आणि काळी माशी : नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांसाठी व काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वेगाने वाहणाऱ्या नदीच्या काठी जमीन सुपीक असते, पाणी हाताशी असते आणि मासळीही मिळते. तरीही पश्चिम आफ्रिकेतील व्होल्टा नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकात अशी अनेक गावे ओस पडली आणि माणसे खडकाळ माळावर राहायला गेली. नदीकाठी चावणाऱ्या एका लहानशा काळ्या माशीमुळे गावातील कर्त्या माणसांची दृष्टी जात होती. या रोगाला नदी-अंधत्व किंवा रिव्हर ब्लाइंडनेस म्हणतात. जगातील ९९ टक्क्यांहून अधिक बाधित माणसे आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला राहतात. त्याबाहेर हा रोग येमेनमध्ये आणि ब्राझील-व्हेनेझुएला सीमेवरील यानोमामी लोकांच्या वनप्रदेशात उरला आहे. २०१७ च्या अंदाजानुसार सुमारे २ कोटी ९ लाख लोकांना या जंताची लागण होती, त्यांपैकी १ कोटी ४६ लाखांना त्वचेचा आजार होता आणि साडेअकरा लाख लोकांची दृष्टी अधू झाली होती किंवा गेली होती.

दक्षिण सुदान, काँगो, युगांडा, टांझानिया, इथिओपिया, कॅमेरून आणि नायजेरिया या देशांत महाराष्ट्रातून आणि गोव्यातून अनेक माणसे जातात. कोणी शांतिसेनेत असतो, कोणी धरणाच्या किंवा रस्त्याच्या बांधकामावर अभियंता असतो, कोणी शेतीच्या व्यवसायात असतो, कोणी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका असते. त्यांना स्वतःला जपता यावे आणि ज्या गावात ते राहतात त्या गावाच्या कामात जाणतेपणाने हातभार लावता यावा, यासाठी हा क्रम मांडला आहे.

आधी जंताचे आयुष्य समजून घ्या

या रोगाविषयीचे जवळपास सगळे नियम जंताच्या आयुष्यमानातून निघतात. औषध वर्षानुवर्षे का घ्यायचे, फवारणी मध्येच थांबवली तर काय होते, परदेशातून परतलेल्या माणसाने किती काळ सावध राहायचे, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तेथेच आहे. म्हणून हा भाग घाईने वाचून पुढे जाऊ नये.

रोगाचे शास्त्रीय नाव ऑन्कोसर्कायसिस आहे आणि तो ऑन्कोसर्का व्होल्व्ह्युलस या दोऱ्यासारख्या जंतामुळे होतो. बाधित माणसाचे रक्त पिताना मादी काळ्या माशीच्या पोटात त्याच्या त्वचेतील सूक्ष्मजंत, म्हणजे या जंताची पिल्ले, जातात. त्यांपैकी काही माशीच्या शरीरात साधारण सहा ते बारा दिवसांत वाढून संसर्गक्षम होतात आणि ती माशी पुन्हा चावते तेव्हा नव्या माणसाच्या जखमेतून आत शिरतात. तेथे प्रौढ होण्यास त्यांना सुमारे एक वर्ष लागते. प्रौढ मादी ३० ते ५० सेंटिमीटर लांब असते आणि त्वचेखालच्या गाठीत गुंडाळी करून १० ते १५ वर्षे जगते. या काळात ती रोज सुमारे एक हजार सूक्ष्मजंत सोडते. ते एक ते दोन वर्षे जगतात आणि त्वचेतून सरकत सरकत डोळ्यापर्यंत पोहोचतात.

जिवंत सूक्ष्मजंताला शरीर बरेचसे सहन करते. तो मरतो तेव्हा दाह सुरू होतो. या जंताच्या शरीरात व्होल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि जंत मेल्यावर ते बाहेर पडल्याने दाह अधिक भडकतो. त्वचेत हा दाह झाला तर असह्य खाज सुटते. डोळ्याच्या पारदर्शक पटलात, पडद्यात किंवा दृष्टीच्या नसेजवळ वर्षानुवर्षे होत राहिला तर दृष्टी जाते.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवावी. प्रौढ जंत माणसाच्या शरीरात आपली संख्या वाढवू शकत नाही. प्रत्येक प्रौढ जंत माशीच्या चाव्यातून स्वतंत्रपणेच आलेला असतो. म्हणून चार-दोन दिवस नदीकाठी राहिलेल्या माणसाला धोका फार कमी असतो, तर ज्याचे शेत, मासेमारी किंवा धुणे रोजच नदीवर असते त्याच्या शरीरातील जंतांचे ओझे वर्षागणिक वाढत जाते. खोऱ्यातील एकच नदी, पण काठावरच्या गावात अंधत्व जास्त आणि काही किलोमीटर आतल्या गावात कमी, हा फरक यातूनच पडतो.

नदीची पाहणी : माशी कुठे वाढते

काळी माशी म्हणजे सिम्युलियम. ती दोन ते पाच मिलिमीटर लांब, काळसर आणि पाठीला पोक असलेली असते. डासासारखी ती साचलेल्या पाण्यात वाढत नाही, हा पहिला फरक महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाने मनावर ठसवून घ्यावा, कारण आपल्याकडील सवयीने आपण डबकी आणि गटारे शोधू लागतो. तिच्या अळीला प्राणवायूने भरलेले, वेगाने वाहणारे पाणी लागते. म्हणून पाहणी करताना नदीचे धबधबे, खडकांतून पाणी फेसाळत जाते त्या जागा, पुलांचे खांब, नदीत आडवे पडलेले ओंडके आणि धरणांचे सांडवे यांची यादी करावी. मोठे धरण बांधल्यावर वरच्या बाजूचे खळाळ पाण्याखाली जातात आणि तेथील पैदास थांबते, पण त्याच धरणाचा सांडवा खाली नवी पैदासस्थळे तयार करतो. बांधकामावर काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

अशा जागी पाण्यात लोंबणारे गवताचे पाते किंवा वेलीचे पान हळूच वर उचलून उन्हात धरावे. त्यावर पाच ते दहा मिलिमीटरच्या, एका टोकाला फुगीर अशा करड्या-तपकिरी अळ्या एकमेकींना खेटून चिकटलेल्या दिसतात. मागच्या टोकावरील बारीक आकड्यांनी त्यांनी रेशमाच्या ठिपक्याला पकड घेतलेली असते आणि तोंडाजवळच्या पंख्यासारख्या केसांनी त्या वाहत्या पाण्यातील कण गाळून खातात. शेजारीच चपलेच्या पुढच्या भागासारखे लहान कोष दिसले, तर थोड्याच दिवसांत माशा उडणार असे समजावे. पूर्व आफ्रिकेतील काही जंगली ओढ्यांत मात्र गवत कितीही उचलले तरी काही सापडत नाही, कारण तेथील सिम्युलियम निव्ही गटातील माशीच्या अळ्या गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या कवचावर चिकटून वाढतात. तेथे खेकडे पकडून पाहावे लागतात.

पाहणीच्या नोंदीत जागेचे नाव, महिना, पाण्याचा वेग व पातळी, अळ्या आढळल्या की नाही आणि सर्वांत जवळची वस्ती किती अंतरावर आहे, एवढे असले तरी पुरते. ही पाहणी पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत वेगवेगळी करावी, कारण काही ओढे वर्षातून काही महिनेच वाहतात.

स्वतःचे रक्षण

काळी माशी दिवसा आणि घराबाहेर चावते. सकाळी आणि दुपार उलटल्यावर तिचा जोर अधिक असतो. मच्छरदाणी हिवतापासाठी लावलीच पाहिजे, पण या माशीपासून ती वाचवत नाही. आफ्रिकेतील सिम्युलियम डॅमनोसम गटातील माशी बहुतेक वेळा गुडघ्याखाली चावते. म्हणून लांब विजार, ती मोज्यांत खोचलेली, आणि बंद बूट हा नदीवर जाणाऱ्याचा पोशाख असावा. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ती ओढली जाते, त्यामुळे फिकट कपडे घालावेत. उघड्या त्वचेवर डीट असलेले कीटक दूर ठेवणारे मलम लावावे व घाम आल्यावर पुन्हा लावावे. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले कपडे मिळाल्यास उत्तम. ती डासासारखी सोंड खुपसत नाही, तर कातडी फाडून साचलेले रक्त पिते. चाव्याच्या जागी रक्ताचा बारीक ठिपका राहतो आणि पुढे सूज येते. दिवसाला असे किती ठिपके दिसतात याकडे लक्ष ठेवले तर कोणत्या घाटावर आणि कोणत्या वेळी जाणे टाळावे हे कळू लागते. काम नदीजवळ असले तरी मुक्कामाची जागा शक्य तितकी आत घ्यावी.

गावातील माणसाला हे सगळे सांगताना विचार करावा. ज्या बाईला पाणी नदीतूनच भरायचे आहे तिला नदीवर जाऊ नकोस असे सांगण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी वस्तीजवळ विहीर किंवा हातपंप होणे हेच खरे रक्षण आहे, आणि ज्यांच्या हाती बांधकामाचा पैसा असतो त्यांनी ते आधी करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

लक्षणे ओळखणे

सुरुवात बहुधा खाजेने होते. रात्रीची झोप उडवणारी, काठीने किंवा दगडाने अंग घासायला लावणारी ही खाज असते. पुढे त्वचेवर बारीक पुटकुळ्या येतात, कातडी जाड व काळपट होते, आणि बऱ्याच वर्षांनी ती पातळ, सुरकुतलेली व म्हाताऱ्यासारखी दिसू लागते. नडगीवर ठिपक्याठिपक्यांनी रंग उडतो. आपल्याकडच्या आरोग्यसेवकाला असे पांढरट चट्टे पाहून प्रथम कुष्ठरोगाची शंका येईल. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात स्पर्शाची जाणीव कमी होते. येथे ती शाबूत असते, म्हणून कापसाच्या बोळ्याने स्पर्श करून पाहावे. खरजेतही अशीच खाज असते, पण खरूज बोटांच्या बेचक्यांत व मनगटांवर आधी दिसते आणि घरातील सगळ्यांना एकदमच होते.

गाठी तपासताना माणसाला उजेडात उभे करून कमरेच्या हाडाची कड, खुब्याचा उंचवटा, माकडहाड, बरगड्या आणि गुडघ्याच्या बाजू बोटांनी चाचपाव्यात. जंताची गाठ घट्ट असते, दुखत नाही आणि त्वचेखाली बहुधा सरकते. मध्य अमेरिकेत, जेथे माशी अंगाच्या वरच्या भागाला चावत असे, तेथे गाठी डोक्यावर आढळत. ग्वाटेमालातील डॉक्टर रोदोल्फो रोब्लेस यांनी १९१५ मध्ये एका मुलाच्या डोक्यावरील अशीच गाठ काढून या जंताचा डोळ्याच्या आजाराशी असलेला संबंध दाखवला.

गावाला सामुदायिक औषधोपचाराची गरज आहे का हे ठरवण्यासाठी आफ्रिकेत चाचपणीची सोपी पद्धत वापरली गेली. किमान दहा वर्षे त्याच गावात राहिलेल्या, वीस वर्षांवरील पन्नास पुरुषांची तपासणी करायची, आणि त्यांपैकी २० टक्के किंवा अधिक जणांना गाठी असतील तर सगळ्या गावाला औषध द्यायचे. सुई, सूक्ष्मदर्शक यांपैकी काहीही लागत नसल्यामुळे रस्ते नसलेल्या प्रदेशांचेही नकाशे यातून तयार झाले.

डोळ्यांची तक्रार पुष्कळ उशिरा येते. आधी डोळे लाल होतात, पाणी येते, उजेड सहन होत नाही. मग पारदर्शक पटल कडेकडून पांढरे होऊ लागते किंवा दृष्टीचे क्षेत्र बाजूंनी आकुंचन पावते. एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. मात्र गावातील प्रत्येक अंध व्यक्ती याच रोगाची बळी आहे असे गृहीत धरू नये. बुबुळामागचे भिंग पांढरे झाले असेल तर तो मोतीबिंदू असू शकतो आणि शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. नदीकाठचे गाव म्हणून मोतीबिंदूच्या रुग्णाला घरी बसवून ठेवणे हा मोठा अन्याय आहे. प्रत्येक अंध माणसाला एकदा तरी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

मुलांकडेही नीट पाहावे. जेथे जंताचा प्रादुर्भाव तीव्र असतो तेथे फेफऱ्याचे प्रमाण जास्त आढळते, आणि काही मुलांना जेवताना किंवा थंडीत वारंवार मान खाली पडण्याचे झटके येतात. टांझानियातील महेंगे, उत्तर युगांडा आणि दक्षिण सुदानमधील मारिडी या भागांत हा प्रकार दिसला आहे. जंतापासून मेंदूपर्यंतची नेमकी साखळी अजून अभ्यासली जात आहे, पण अशा मुलाला फेफऱ्यावरचे औषध रोज आणि न चुकता मिळणे तातडीचे असते, कारण अनेक मुले झटक्यात चुलीवर किंवा पाण्यात पडून दगावतात.

त्वचेची चाचणी

एखाद्या व्यक्तीला लागण आहे का हे पाहण्याची जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे त्वचेचा तुकडा तपासणे. कमरेच्या हाडावरील त्वचा पुसून कोरडी करतात, सुईच्या टोकाने ती किंचित वर उचलतात आणि निर्जंतुक पात्याने किंवा खास चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा कापतात. रक्त येऊ नये इतकाच तो उथळ असावा. दोन्ही बाजूंचे तुकडे मीठपाण्याच्या थेंबात ठेवून अर्धा तास ते एक दिवस थांबतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तुकड्याच्या कडेतून काचेच्या तंतूंसारखे सूक्ष्मजंत वळवळत बाहेर येताना दिसतात. प्रत्येक माणसासाठी वेगळे निर्जंतुक पाते हवे, नाहीतर चाचणीतूनच दुसरे रोग पसरतील.

लागण नवी किंवा हलकी असेल तर ही चाचणी चुकीचा दिलासा देते, कारण जंत प्रौढ होऊन त्याचे सूक्ष्मजंत त्वचेत येईपर्यंत वर्ष किंवा त्याहून जास्त काळ जातो. या जंताविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेल्या ओव्ही-१६ प्रतिपिंडांची चाचणीही उपलब्ध आहे. तिचा खरा उपयोग लहान मुलांत होतो, तो पुढे येईलच.

औषधवाटप : गावाने चालवायचे काम

या रोगावर दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिन या औषधाची कथा जपानमधील मातीच्या एका नमुन्यापासून सुरू होते. सातोशी ओमुरा यांनी त्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध घडवले. दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये सेनेगलमध्ये मोहम्मद अझीझ यांनी ते प्रथम रुग्णांना दिले. १९८७ मध्ये मर्कने हे औषध जितके लागेल तितके आणि जोवर लागेल तोवर मोफत देण्याचे जाहीर केले, आणि ते आजही दिले जात आहे.

हे औषध सूक्ष्मजंतांना काही दिवसांत जवळजवळ साफ करते आणि मादीचे प्रजनन काही महिने थोपवते. प्रौढ जंताला मात्र ते मारत नाही. वर्षभरात त्वचेत सूक्ष्मजंत पुन्हा दिसू लागतात. म्हणूनच औषध वर्षातून एकदा, शक्य तेथे दोनदा, आणि सलग १० ते १५ वर्षे घ्यावे लागते. मध्ये दोन वर्षे खंड पडला तर माशीला पुन्हा सूक्ष्मजंत मिळू लागतात आणि फेरा नव्याने सुरू होतो.

वाटपाची पद्धत आफ्रिकेतील अनुभवातून घडली आहे. ठिकाण, महिना आणि वेळ गावसभा ठरवते. वाटणारी माणसे गावच निवडते. युगांडात असे दिसले की वाटप करणारी व्यक्ती आपल्याच भावकीतील असली तर माणसे औषध सहज घेतात. निवड झाल्यावर पहिले काम घरोघरी जाऊन नोंदवही तयार करण्याचे. प्रत्येक घरातील सगळ्यांची नावे, वय, कोण गरोदर आहे, कोण शेतावर किंवा गुरांमागे बाहेरगावी आहे, हे तिच्यात लिहायचे. नोंदवहीचा कंटाळा केला की पुढचे सगळे आकडे पोकळ ठरतात.

मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १५० मायक्रोग्रॅम असते, परंतु गावात वजनकाटा नेणे अवघड म्हणून उंचीवरून ती ठरवतात. एका सरळ काठीवर खुणा करतात: ९० ते ११९ सेंटिमीटर उंचीला ३ मिलिग्रॅमची एक गोळी, १२० ते १४० ला दोन, १४१ ते १५८ ला तीन आणि १५९ च्या पुढे चार. काठी सपाट जमिनीवर, भिंतीला किंवा झाडाला टेकवून उभी करावी. माणसाने पादत्राणे आणि डोक्यावरचे ओझे किंवा फेटा काढून काठीला पाठ लावावी आणि आडवी पट्टी डोक्यावर धरून खूण वाचावी. गोळ्या पाण्याबरोबर समक्षच गिळायला लावाव्यात. आपल्याकडील हत्तीरोग दुरीकरण मोहिमेत काम केलेल्यांना गोळ्या घरी देऊन येणे आणि समोर खायला लावणे यांतला फरक वेगळा सांगायला नको.

पाच वर्षांखालील किंवा ९० सेंटिमीटरपेक्षा बुटकी मुले, गरोदर स्त्रिया, बाळंतपणानंतर पहिला आठवडा पूर्ण न झालेल्या स्तनदा माता आणि गंभीर आजारी माणसे यांना त्या दिवशी औषध देत नाहीत. त्यांची नावे नोंदवहीत वेगळी खूण करून ठेवावीत. बाळंतीण झालेल्या स्त्रीला आणि बरा झालेल्या आजाऱ्याला नंतर औषध मिळायला हवे. हा पाठपुरावा सर्वांत जास्त ठिकाणी राहून जातो.

औषध घेतल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत खाज, अंगावर किंवा चेहऱ्यावर सूज, ताप, अंगदुखी आणि चक्कर येऊ शकते, कारण सूक्ष्मजंत एकदम मरत असतात. ज्यांच्यात जंत जास्त त्यांना त्रास जास्त. हे आधीच गावसभेत सांगावे. न सांगता औषध दिले आणि दुसऱ्या दिवशी चेहरे सुजले, तर पुढच्या वर्षी अर्धे गाव रानात निघून जाते. पॅरासिटामॉल आणि खाजेवरच्या गोळ्या वाटपाच्या जागी असाव्यात, वाटप करणाऱ्याने तीन दिवस गावातच राहावे, आणि उभे राहताच भोवळ येणाऱ्या किंवा बेशुद्ध होणाऱ्या माणसाला लगेच आरोग्यकेंद्रात न्यावे.

एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांना औषध मिळावे हा जुना निकष आहे. रोग हद्दपार करायचा असेल तर ८० टक्के हवे. या टक्केवारीपेक्षाही एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: दरवर्षी तीच माणसे सुटतात का? वेगवेगळी माणसे सुटली तर पुढच्या फेरीत ती सापडतात. तेच दहा मेंढपाळ किंवा मच्छीमार दरवर्षी सुटले तर माशीला कायमचा साठा मिळतो. नोंदवहीची मागची पाने उलटून अशा नावांना अधोरेखित करावे आणि त्यांच्याकडे पहाटे किंवा तळावर जाऊन औषध पोहोचवावे.

जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिन माणसाने घेऊ नये. गुरांच्या औषधाच्या मात्रा आणि घटक वेगळे असतात, आणि दुर्गम भागात ते सहज मिळते म्हणून ही सूचना आवर्जून केली आहे.

लोआ लोआ असलेल्या प्रदेशातील धोका

मध्य आफ्रिकेतील कॅमेरून, गॅबन, काँगो अशा काही वनप्रदेशांत लोआ लोआ नावाचा दुसरा जंतही असतो, जो कधी कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सरकताना दिसतो. ज्याच्या रक्तात याचे सूक्ष्मजंत फार असतात, साधारण दर मिलिलिटरला ३० हजारांहून अधिक, त्याला आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूला सूज येऊन तो बेशुद्ध होऊ शकतो, दगावूही शकतो. अशा भागात सरसकट वाटप करू नये. कॅमेरूनमध्ये ओकोला येथे २०१५ मध्ये मोबाइल फोनला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने बोटातील रक्त तपासून, जास्त जंत असलेल्यांना वगळून बाकीच्यांना औषध देण्यात आले. त्या भागात राहणाऱ्या आपल्या माणसांनी स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये. आधी दुपारच्या वेळेला घेतलेल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण लोआ लोआचे सूक्ष्मजंत दिवसाच रक्तात असतात.

माशीची पैदास तोडणे

पश्चिम आफ्रिकेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या नियंत्रण कार्यक्रमात हेलिकॉप्टरमधून नद्यांच्या खळाळांवर दर आठवड्याला अळीनाशक टाकले जात असे. दर आठवड्याला यासाठी, की अळीची वाढ साधारण तेवढ्याच काळात पूर्ण होते. टेमेफॉस या अळीनाशकाला माश्या दाद देईनाशा झाल्यावर औषधे आळीपाळीने बदलावी लागली आणि त्यांत बीटीआय हे जिवाणूपासून केलेले अळीनाशकही आले. प्रौढ जंत माणसांच्या अंगातच म्हातारे होऊन मरेपर्यंत हे चालू ठेवायचे होते. २००२ मध्ये अकरा देशांतील हा कार्यक्रम संपला तेव्हा सुमारे ६ लाख लोकांचे अंधत्व टळले होते आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा लागवडीयोग्य झाली होती.

एका गावाला हेलिकॉप्टर परवडत नाही, पण कोयता परवडतो. उत्तर युगांडात आणि नंतर मारिडीत गावकऱ्यांनी खळाळात लोंबणारे गवत, वेली आणि फांद्या कापून काठावर टाकण्याची पद्धत वापरली. पाण्याबाहेर आलेल्या अळ्या काही वेळात वाळून मरतात आणि चावणाऱ्या माश्यांची संख्या झपाट्याने घटते. मारिडीची परिस्थिती तर या पद्धतीला फार अनुकूल होती. २०१८ च्या घरोघरच्या पाहणीत तेथे सुमारे ४.४ टक्के लोकांना फेफऱ्याचा आजार आढळला होता, धरणाजवळच्या वस्तीत प्रमाण सर्वाधिक होते, आणि पैदासस्थळ म्हणून धरणाचा एकच सांडवा सापडला होता.

हे काम करताना प्रथम पाहणीच्या यादीतील फक्त वस्तीजवळची स्थळे निवडावीत. पावसाच्या सुरुवातीला, पाणी वाहू लागल्यावर पण पूर येण्याआधी, पहिली कापणी करावी आणि गवत पुन्हा पाण्यात लोंबू लागले की, साधारण महिन्याभराने, पुन्हा करावी. कापलेले गवत पाण्यात सोडू नये. ते खाली वाहत जाऊन दुसरीकडे अडकते आणि अळ्या तेथे वाढतात. निसरड्या सांडव्यावर काम करणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा, पोहणारा माणूस सोबत ठेवावा, सुसरींचा वावर असेल तर काठावर राखण असावी, आणि सगळ्यांनी पाय झाकलेले असावेत, कारण माश्या सर्वांत दाट तेथेच असतात. बिनकामाची झाडे तोडू नयेत. पाण्याला टेकलेला झाडोरा तेवढाच काढायचा आहे. जेथे अळ्या खडकांवर किंवा खेकड्यांवर वाढतात तेथे ही पद्धत उपयोगी पडत नाही. आणि कापणीमुळे चावे कमी झाले म्हणून औषध बंद करू नये. लोकांच्या अंगात मादी जंत अजून जिवंत आहेत.

औषध कधी थांबवायचे

खाज थांबली, नव्या गाठी दिसेनाशा झाल्या, एवढ्यावरून गावाने औषध सोडू नये. दहा वर्षांखालील मुलांच्या रक्तात ओव्ही-१६ प्रतिपिंडे शोधतात, कारण ही मुले वाटप सुरू झाल्यानंतर जन्मली असल्याने त्यांच्यात प्रतिपिंडे सापडणे म्हणजे प्रसार चालू असणे. हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली असावे लागते. जोडीला पकडलेल्या हजारो माश्यांच्या डोक्यांत जंताचा अंश आहे का तेही तपासतात. दोन्ही निकष पुरे झाल्यावर वाटप थांबते आणि त्यापुढे तीन ते पाच वर्षे पाळत ठेवली जाते. कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांनी २०१३ ते २०१६ या काळात या वाटेने रोग संपवला, आणि जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा असे प्रमाणपत्र मिळवणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला.

महाराष्ट्रात परतल्यावर

बाधित प्रदेशात काही महिने किंवा त्याहून जास्त काळ राहिलेल्या माणसाला परतल्यावर एक ते तीन वर्षांतही लक्षणे सुरू होऊ शकतात. अशा लोकांत गाठी किंवा डोळ्यांचा त्रास क्वचित दिसतो. एखाद्या हाता-पायाला सतत खाज, पुरळ, अधूनमधून सूज आणि रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या, असे चित्र जास्त आढळते. भारत हा या रोगाच्या प्रदेशांपैकी नाही, त्यामुळे डॉक्टरांना हे आपसूक सुचणार नाही. कोणत्या देशात, कोणत्या नदीजवळ आणि किती काळ राहिलो हे आपण होऊन सांगावे आणि वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग किंवा संसर्गरोग विभागात तपासणी मागावी. उपचारात आयव्हरमेक्टिन दर काही महिन्यांनी द्यावे लागते, आणि डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा चार ते सहा आठवड्यांचा क्रमही सुचवू शकतात. ते जंतातील व्होल्बाकिया जिवाणूंना मारते आणि त्यामुळे प्रौढ मादी वांझ होते. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना हे दुसरे औषध देत नाहीत, आणि लोआ लोआच्या प्रदेशातून आला असाल तर आयव्हरमेक्टिनपूर्वी त्याची तपासणी व्हायलाच हवी.

सर्वांत महत्त्वाची सूचना विदर्भातील आणि हत्तीरोगाच्या इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठी आहे. हत्तीरोग मोहिमेत डीईसी (डायइथिलकार्बामॅझिन) या जंतनाशक औषधाच्या गोळ्या दिल्या जातात; नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तिन्ही औषधे एकत्र देण्यात आली. येथील लोकांसाठी ती योग्य आहेत आणि त्यांनी ती घ्यावीत. परंतु नदी-अंधत्वाचे सूक्ष्मजंत ज्याच्या अंगात आहेत त्याने डीईसी घेतली तर ते एकदम मरून तीव्र प्रतिक्रिया येते आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. याच कारणाने आफ्रिकेत जेथे दोन्ही रोग आहेत तेथील मोहिमांत डीईसी वापरत नाहीत. म्हणून आफ्रिकेतील बाधित भागात राहून आलेल्या माणसाने दारात आलेल्या आशाताईंना तसे स्पष्ट सांगावे, त्या दिवशी डीईसी घेऊ नये आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून आधी त्वचेची तपासणी करून घ्यावी. घरातील जी माणसे आफ्रिकेत कधी गेलेली नाहीत त्यांनी मात्र गोळ्या त्याच दिवशी, आशाताईंसमोरच घ्याव्यात.